एका ग्रॅमात पाव एकर: कोळसा औषध कसं धरतो, आणि का सोडतो

अकरावीच्या रसायनशास्त्रात अधिशोषणाचा एक धडा आहे. पोरं व्याख्या पाठ करतात, दोन मार्क घेतात आणि विसरून जातात. गेल्या हिवाळ्यात मला वाटलं, एकदा हे डोळ्यांनी दाखवू. आमची प्रयोगशाळा म्हणजे दोन कपाटं, एक गळका नळ आणि खिडकीबाहेर तुरीचं वावर. पण या प्रयोगाला लागतं तरी काय? पॅरासिटामॉलची पाचशेची एक साधी गोळी, कोळसा, गाळणकागद आणि फेरिक क्लोराइडचं द्रावण. पॅरासिटामॉलच्या पाण्यात फेरिक क्लोराइडचे दोन-चार थेंब टाकले की निळसर जांभळा रंग येतो. कोळशाने औषध धरून ठेवलं, तर गाळलेल्या पाण्यात तो रंग येणार नाही.

कोळसा मी इस्त्रीवाल्याकडून आणला. बाभळीचा, खणखणीत वाजणारा. खलबत्त्यात कुटला, वस्त्रगाळ केला. शंभर मिलिलिटर पाण्यात गोळी विरघळवून त्यात पाच ग्रॅम कोळसा टाकला, अर्धा तास ढवळला, गाळला, थेंब टाकले. जांभळा रंग आला, आणि असा आला की शेवटच्या बाकावरूनही दिसला.

"सर, हे तं जसंच्या तसंच हाय ना जी," पहिल्या बाकावरची एक पोरगी म्हणाली. वर्ग हसला. मीही हसलो, पण कानशिलं गरम झाली होती.

पुढच्या आठवड्यात जिल्ह्याच्या ठिकाणाहून ॲक्टिव्हेटेड कार्बनची, म्हणजे मुद्दाम छिद्रं उघडलेल्या कोळशाची, पुडी आणली. तोच प्रयोग, तेवढंच वजन. पहिल्या गाळणीत बारीक भुकटी कागदातून निसटली आणि खाली काळं पाणी आलं. मग कागद दुहेरी करून पुन्हा गाळलं. या वेळी थेंब टाकल्यावर पाणी नुसतं पिवळट झालं, म्हणजे फेरिक क्लोराइडचा स्वतःचा रंग. जांभळ्याचा पत्ता नाही.

दोन्ही भुकट्या काळ्या, दोन्ही कार्बनच्या. मग एकीने गोळीतलं औषध जवळपास सगळं धरलं आणि दुसरीने हातही लावला नाही, असं का? याचं अर्धं उत्तर सोपं आहे. उरलेलं अर्धं मला सांगता यावं म्हणून बरेच दिवस वाचावं लागलं.

कुसळं आणि चहातली पोळी

आधी शब्दांचा घोळ मिटवू. चहात पोळी बुडवली की चहा पोळीच्या अंगात मुरतो. ते शोषण. दिवाळीनंतर बांधावरच्या वाळल्या गवतातून चालून आलं की पायजम्याला कुसळं लागतात. ती कापडात मुरत नाहीत, वरच्या वर धरून बसतात. ते अधिशोषण. झटकलं की काही कुसळं पडतात, काही मात्र नखाने एकेक काढावी लागतात. हा फरकही ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

कुसळं किती लागणार हे कापड किती मोठं यावर ठरतं. कार्बनचं कापड किती मोठं असतं? एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. चांगल्या ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या एका ग्रॅमला हजार चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग असतो. म्हणजे दहा गुंठे, पाव एकर! चहाच्या चमच्यात अर्धा एकर मावतो. विषबाधेत पोटातलं विष धरायला मोठ्या माणसाला एका वेळी ५० ग्रॅम किंवा त्याहून जास्त कार्बन देतात. ५० ग्रॅम म्हणजे बारा एकर. आमच्या वर्गातल्या बहुतेक पोरांच्या घरच्या सातबाऱ्यावर एवढी जमीन नाही.

ही जमीन दडलेली असते छिद्रांत. दोन नॅनोमीटरपेक्षा अरुंद ती सूक्ष्म, दोन ते पन्नास नॅनोमीटरची मध्यम आणि त्यावरची मोठी. नॅनोमीटर केवढा? आपलं नख एका सेकंदात वाढतं साधारण तेवढा. मोठं छिद्र म्हणजे डांबरी रोड, मध्यम म्हणजे पांदण आणि सूक्ष्म म्हणजे दोन घरांमधली बोळ. जमीन जवळपास सगळी बोळींत असते, पण पांदण नसली तर बोळीपर्यंत पोचायचं कसं? पॅरासिटामॉलचा रेणू एक नॅनोमीटरच्या आसपास लांब असतो, तो बोळीत शिरतो. आणि बोळ त्याच्या अंगाबरोबर असली तर दोन्ही भिंती त्याला धरतात, पकड घट्ट होते. व्हिटॅमिन बी-१२ सारखा थोराड रेणू मात्र पांदणीतच अडतो.

इस्त्रीच्या कोळशातही बोळी असतात थोड्याफार, पण लाकूड जळताना निघालेल्या डांबरासारख्या चिकट मालाने त्या बुजलेल्या असतात. त्या उघडायच्या तर ८०० ते १००० अंश सेल्सिअसला कोळशावर वाफ सोडतात. वाफ कार्बनचा काही भाग खाते, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन होऊन तो उडून जातो आणि मागे पोकळी राहते. दुसरी रीत अशी: भुसा किंवा लाकडाचा चुरा फॉस्फोरिक ॲसिडमध्ये भिजवायचा आणि ४०० ते ६०० अंशांवर भाजायचा. नारळाची करवंटी, लाकूड, दगडी कोळसा यांपासून बाजारातला माल बनतो. पऱ्हाटीपासूनही तो करता येतो. भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या कोंड्यापासूनही येतो, पण कोंड्यात वजनाच्या पंधरा-वीस टक्के राख असते आणि ती बहुतेक सिलिका, त्यामुळे ती धुऊन काढायचं काम वाढतं.

माझा पहिला प्रयोग का फसला, याचं उत्तर इथवर आलं. पण हे अर्धंच. कारण सारखीच जमीन, सारख्याच बोळी असलेले दोन कार्बन घेतले तरी एक औषध धरतो आणि दुसरा कुरकुरतो.

भिंत एक बोलते, कडा दुसरंच

कोंबड्यांच्या खुराड्याला षटकोनी जाळी लावतात ना, तिचे बारीक-बारीक तुकडे वेडेवाकडे एकावर एक रचले आहेत अशी कल्पना करा. कार्बन आतून साधारण तसाच. प्रत्येक तुकड्याचा सपाट भाग म्हणजे भिंत, आणि जिथे जाळी कापली आहे तो भाग म्हणजे कडा.

सपाट भिंतीवर इलेक्ट्रॉनचा एक मोकाट कळप फिरत असतो. पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक अशा पुष्कळ औषधांच्या रेणूत सहा कार्बनचं सपाट कडं असतं, त्यावरही असाच कळप. दोन सपाट गोष्टी, ताटावर ताट बसावं तशा एकमेकींवर बसतात. शिवाय पाण्याला ते कडं फारसं रुचत नाही, ते त्याला बाहेर ढकलतं. औषध कार्बनवर जाऊन बसतं यात कार्बनच्या ओढीइतकाच पाण्याच्या नावडीचाही वाटा आहे. पुस्तकात हे नेहमी पुरेसं ठसठशीत लिहिलेलं नसतं.

आता कडा. जाळी कापली तिथे हात मोकळे राहतात, आणि त्यांना ऑक्सिजन येऊन चिकटतो. त्यातून कार्बोक्सिल, लॅक्टोन, फिनॉल, क्विनोन असे गट तयार होतात. या गटांना पाणी फार आवडतं. टँकर आला की गल्लीच्या तोंडाशी गुंड-बकेटांची कशी गर्दी होते! तसे पाण्याचे रेणू बोळीच्या तोंडाशी या गटांभोवती थवा करून बसतात. औषधाला आत जायला वाट मिळत नाही. दुसरं नुकसान त्याहून बारीक आहे: हे ऑक्सिजनचे गट भिंतीवरच्या इलेक्ट्रॉनच्या कळपाला आपल्याकडे ओढतात, त्यामुळे भिंतीची पकडही ढिली पडते. फिनॉल, म्हणजे सहा कार्बनच्या कड्याला ओएच गट जोडलेला रेणू, त्याच्या बाबतीत कॉफलिन आणि एझ्रा या दोघा संशोधकांनी १९६८ मध्ये हे ठळकपणे मांडलं. कार्बन नायट्रिक ॲसिडमध्ये उकळला की त्याच्या कडा ऑक्सिजनने भरतात, आणि मग तो फिनॉलसारखे रेणू पहिल्याइतके धरत नाही. पॅरासिटामॉल हेही फिनॉलच्याच कुळातलं.

म्हणून ऑक्सिजन वाईट, असं मात्र लिहून ठेवू नका. पाण्यात धनभार घेऊन फिरणारं औषध असेल तर हेच गट त्याला बोलावून घेतात. प्रश्न कुणाला धरायचं आहे हा आहे.

इथे आम्ल-अल्काचा हिशेब येतो. तो पीएच या आकड्याने मोजतात: सातच्या खाली आम्ल, वर अल्क. प्रत्येक कार्बनचा एक असा पीएच असतो, जिथे त्याच्या अंगावरचा धन आणि ऋण भार बरोबरीत सुटतो. त्याला शून्य-प्रभार बिंदू म्हणतात. पाण्याचा पीएच त्याच्या खाली गेला की कार्बनवर धनभार, वर गेला की ऋणभार. फॉस्फोरिक ॲसिडच्या रीतीने केलेला कार्बन बहुधा आम्लधर्मी निघतो, वाफेने केलेला बहुधा अल्कधर्मी. आम्ही एक गंमत केली. पाणी उकळून गार केलं, दोन वेगळ्या ठिकाणच्या कार्बनची चिमूट-चिमूट दोन परीक्षानळ्यांत टाकली, हलवलं, आणि पीएचचा कागद बुडवला. एकाने हिरवा-निळा, म्हणजे अल्काचा, रंग दिला, दुसऱ्याने नारिंगी, म्हणजे आम्लाचा. दोन्ही पुड्यांवर नाव तेच. किंमतही जवळपास तीच!

या कडांवर काय-काय बसलंय हे मोजायची एक रीत आहे, जर्मन रसायनतज्ज्ञ बोम यांच्या नावाची. ती मला फार आवडते, कारण तिला लागणारे तिन्ही पदार्थ गावच्या दुकानांत मिळतात: खायचा सोडा, धुण्याचा सोडा आणि कॉस्टिक सोडा. खायचा सोडा मवाळ, तो फक्त कार्बोक्सिलशी भिडतो. धुण्याचा सोडा कार्बोक्सिल आणि लॅक्टोन दोघांशी. कॉस्टिक सोडा या दोघांशी तर भिडतोच, फिनॉललाही सोडत नाही. तिन्हींचा खर्च मोजला आणि एकातून एक वजा केला की कोण किती आहे ते कळतं. प्रयोगाला माल शुद्ध लागतो, किराण्यातला चालत नाही. पण तत्त्व तेच.

आता डायक्लोफेनॅक घ्या. कंबर धरली, गुडघा सुजला की लोक घेतात ती गोळी. जनावरांनाही देत असत, आणि असं जनावर मेलं की त्याचं मांस खाऊन गिधाडं मरत, म्हणून भारतात २००६ मध्ये जनावरांसाठी तिच्यावर बंदी आली. हे औषध साध्या पाण्यात, म्हणजे सात-साडेसात पीएचला, ऋणभार घेऊन फिरतं. वाफेने केलेल्या ज्या कार्बनचा शून्य-प्रभार बिंदू नऊच्या पुढे आहे, त्याच्यावर त्या पाण्यात धनभार असतो. सोयरीक जुळते. नायट्रिक ॲसिडमध्ये उकळलेल्या कार्बनवर मात्र त्याच पाण्यात ऋणभार, आणि मग दोघं एकमेकांना ढकलतात. बोळी आहेत, जमीन आहे, पण दारातूनच परत पाठवणी.

एक सांगायचं राहिलं: हा स्वभाव कायमचा नसतो. पुडी उघडी राहिली आणि पावसाळ्याची दमट हवा लागली तर हवेतला ऑक्सिजन हळूहळू कडांवर बसत जातो. दोन वर्षं कपाटात पडलेला कार्बन नव्यासारखा वागेल असं धरू नये.

ऊन वाढलं की

कोरड्या कार्बनवर थोडं पाणी टाकून थर्मामीटर धरला तर पारा चढतो. चिकटताना उष्णता बाहेर पडते. मग बाहेरूनच उष्णता दिली तर? चिकटलेले सुटू लागतात. तापमान वाढलं की कार्बनची पकड कमी होते, हा नियम पुस्तकात एका ओळीत असतो. ती ओळ खरी आहे, पण तिच्यामुळे गैरसमजही तेवढेच होतात.

समजा, एखादं औषध चिकटताना दर मोलमागे (मोल म्हणजे रेणू मोजायचं माप) २० किलोज्यूल उष्णता सुटते. साध्या, झटकता येणाऱ्या चिकटण्यात सहसा ४० च्या आतलेच आकडे असतात. तापमानाने पकड किती बदलते हे सांगणाऱ्या व्हान्ट हॉफच्या सूत्रात आकडे घातले तर २५ अंशांवरून ४५ अंशांवर गेल्यावर पकड ४० टक्क्यांनी घटते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीस ओलांडतो, तेव्हा हे २० अंश आपल्याला कल्पनेने आणावे लागत नाहीत.

पण पकड ४० टक्के घटली म्हणजे औषधही ४० टक्के कमी धरलं गेलं का? नाही. आठवडी बाजाराच्या दिवशीची एसटी आठवा. पन्नास जागा, थांब्यावर पाचशे माणसं. त्यातल्या दोनशे जणांनी बेत बदलला तरी गाडी भरूनच जाणार. एरवीच्या दिवशी थांब्यावर दहा माणसं असली आणि चार परत गेली, तर गाडीत फरक दिसतो. अमेरिकी रसायनतज्ज्ञ इरविंग लँगम्युअर यांनी १९१८ मध्ये हाच हिशेब सूत्रात मांडला. त्यांना पुढे १९३२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या सूत्राने पाहिलं तर दाट द्रावणात २५ अंशांना ९१ टक्के जागा भरल्या असतील, तर ४५ अंशांना ८६ टक्के भरतील. फारसा फरक नाही. अगदी विरळ द्रावणात मात्र घट जवळपास ४० टक्क्यांची. आमच्या प्रयोगात पाच ग्रॅम कार्बन आणि अर्धा ग्रॅम औषध होतं. थंड पाण्यात आणि कोमट पाण्यात दोन्हीकडे पिवळटच रंग आला, डोळ्यांना फरक कळला नाही. तो मोजायचा तर २४३ नॅनोमीटरच्या जांभळ्यापलीकडच्या प्रकाशात औषध मोजणारं यंत्र लागतं. ते आमच्याकडे नाही.

उष्णतेचा दुसरा हात उलट काम करतो. पाणी तापलं की पातळ होतं, म्हणजे त्याची चिकटाई घटते. ४५ अंशांच्या पाण्यात रेणू २५ अंशांपेक्षा दीडपटीहून थोड्या जास्त वेगाने सरकतात. बोळीत शिरायला वेळ लागतो, आणि गरम पाण्यात तो वेळ वाचतो. म्हणून कुणी दहाच मिनिटं ढवळून मोजलं तर गरम पाण्यात औषध जास्त धरलेलं दिसू शकतं. दिवसभर ठेवून मोजलं तर कमी. दोघंही आपापल्या जागी खरे. संशोधनात एक म्हणतो उष्णतेने वाढतं, दुसरा म्हणतो घटतं, त्यातली बरीच भांडणं इथून निघतात.

तिसरी गोष्ट पाण्याची. औषधाचा एक रेणू बसायचा तर आधी तिथले पाण्याचे बरेच रेणू उठवावे लागतात. त्यांना उठवायला उष्णता खर्च होते. औषध बसताना मिळालेली उष्णता वजा पाणी उठवताना गेलेली, अशी ही जमाखर्चाची वही आहे. स्वच्छ भिंतीच्या, कमी ऑक्सिजनच्या कार्बनवर पाणी सैल बसलेलं असतं. तिथे वही साधी, ऊन वाढलं की पकड घटली. पण कडा ऑक्सिजनने भरलेल्या असतील तर बोळीच्या तोंडाशी पाण्याचा थवा घट्ट असतो. उष्णतेने तो थवाच सैल झाला, तर औषधाला वाट मोकळी होते आणि घट कमी दिसते, काही वेळा उलटी वाढही दिसते. थोडक्यात, तापमानाचा परिणाम काय, हा प्रश्न कुठल्या कार्बनवर, हे विचारल्याशिवाय अर्धवटच आहे.

नखाने काढावी लागणारी कुसळं आठवतात? फिनॉलच्या कुळातल्या रेणूंचं काही वेळा तसं होतं. पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनच्या संगतीने ते कार्बनवरच एकमेकांशी जोडले जातात आणि मग नुसतं धुऊन सुटत नाहीत. हे खरं रासायनिक काम आहे, आणि उष्णतेने ते वाढतं. म्हणजे एकाच कार्बनवर झटकता येणारी पकड कमी होत असते आणि न सुटणारी वाढत असते, एकाच वेळी.

पोटात

पोटातलं तापमान ३७ अंश. प्रयोगशाळेत २५ अंशांना काढलेला आकडा तसाच पोटाला लावला, तर वरच्याच हिशेबाने पकड एक तृतीयांशाहून थोडी जास्त वाढवून धरली जाते. ताप चढून ४० झाला तर? फरक सात टक्क्यांचा, त्याची काळजी नको.

पोटात खरा खेळ पीएचचा. जठरात तो दीड ते साडेतीन, आतड्यात सहा-सातच्या घरात. ॲस्पिरिन साडेतीन पीएचच्या आसपास ऋणभार घेऊ लागतं. जठरात ते बिनभाराचं असतं, कार्बनला छान चिकटतं. पुढे आतड्यात गेल्यावर ऋणभार घेतं, पाण्याला प्यारं होतं आणि त्यातलं काही सुटूही शकतं. पॅरासिटामॉल साडेनऊच्या आसपास ऋणभार घेऊ लागतं, म्हणून ते दोन्हीकडे बिनभाराचंच राहतं. कार्बनसाठी ते सोपं गिऱ्हाईक.

आता जे चिकटतच नाही ते. घरोघरी बाळंतिणीसाठी, मुलींसाठी लोहाच्या लाल-निळ्या गोळ्या असतात. रंग असा की लहान पोराला शेंगदाणा-पेपरमिंट वाटावं. पोराने त्या मूठभर खाल्ल्या तर ते गंभीर असतं, आणि तिथे कार्बनचा उपयोग नाही. लोहाला सपाट कडं नाही, ते पाण्यात भार घेऊन फिरतं, पाण्याला ते हवंहवंसं आहे. वर सांगितलेलं पृष्ठभागाचं सगळं गणित तिथे उलट पडतं. लिथियम, दारू, ॲसिड, कॉस्टिक सोडा, रॉकेल यांतही कार्बन कामाचा नाही.

जिथे चालतो तिथेही पहिल्या तासाभरात दिला तरच खरा उपयोग, आणि तो दवाखान्यातच. गुंगीतल्या माणसाला घरी पाजला तर भुकटी फुप्फुसात जाऊ शकते. चुलीतला कोळसा कुटून पाजणारे अजून भेटतात. माझी फसलेली परीक्षानळी त्यांना दाखवावीशी वाटते. १०८ ला फोन करायचा, गोळ्यांचं पाकीट सोबत न्यायचं, एवढंच घरच्यांचं काम.

आणि कीटकनाशकं? आपल्या भागात हे लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. श्रीलंकेत साडेचार हजारांहून जास्त विषबाधेच्या रुग्णांवर चाचणी झाली, त्यांत निम्म्याहून जास्त कीटकनाशकाचे. २००८ मध्ये ती लॅन्सेट या नियतकालिकात छापून आली. कार्बन दिलेल्या आणि न दिलेल्या रुग्णांच्या मृत्यूंत फरक आढळला नाही. परीक्षानळीत चिकटणं आणि माणूस वाचणं यांच्यात विष रक्तात किती लवकर गेलं, दवाखाना किती लांब होता, हे सगळं असतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो जणांना बाधा झाली, ती तर बरीचशी कातडीतून आणि श्वासातून. पोटातला कार्बन तिथवर पोचतच नाही.

गॅससाठी कोळशाच्या गोळ्या खाणाऱ्यांना एक सूचना. तो कार्बन तुमची बीपीची, फिटची गोळीही धरतो. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवा, आणि डॉक्टरांना विचारा.

व्हरांड्यातला फिल्टर

हे सगळं शिकवून झालं तेव्हा मार्च उजाडला होता. त्याच पोरीने विचारलं, "सर, मंग आपला फिल्टर त्या भिताडावर कायले टांगला?"

कॉलेजचा पाण्याचा फिल्टर पश्चिमेच्या भिंतीवर आहे. दुपारी दोननंतर त्याच्यावर थेट ऊन. वर गच्चीवर काळी टाकी, तिच्यातलं पाणी उन्हाळ्यात हाताला पोळतं. फिल्टरमध्ये कार्बनची नळी आहे. पाण्यात औषधांसारख्या गोष्टी फार विरळ असतात, म्हणजे थांब्यावर दहा माणसं असलेली एसटी, आणि तिथेच उष्णतेचा फटका सगळ्यात जास्त. शिवाय सकाळच्या गार पाण्यात धरलेलं काही दुपारच्या गरम पाण्यात सुटू शकतं, जुनी भरलेली नळी असेल तर जास्तच. मागच्या वर्षी शिपाईकाकांनी ती नळी काढून चार दिवस गच्चीवर वाळवली होती, "उन्हानं साफ होते" म्हणून. कार्बन पुन्हा ताजा करायला ८०० अंशांच्या आसपासची भट्टी लागते. गच्चीवर तो फक्त वाळतो.

अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातून आलेला एक विद्यार्थी म्हणाला, त्यांच्या घरीही असाच फिल्टर बसवला, पाणी तरी खारंच. बरोबर आहे. मीठ म्हणजे पुन्हा भार घेऊन फिरणारे, पाण्याचे लाडके आयन. कार्बनने वास जाईल, क्लोरीन जाईल, मीठ जाणार नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांतलं फ्लोराइडही साध्या कार्बनने जात नाही.

फिल्टर उत्तरेच्या भिंतीवर, कडुनिंबाच्या सावलीत न्यायचं ठरलं. प्लंबर आला, त्याने मोजलं. पाइप चार फूट कमी पडत होता. वर्गणी काढली, दोनशे चाळीस रुपये जमले. खिळे ठोकताना त्याने विचारलं, "तिकडं पानी निंगतच होतं ना सर, मंग इकडं कायले?" पहिल्या बाकावरची ती पोरगी त्याला एसटीचं उदाहरण सांगायला लागली, आणि मी हातोडी धरून उभा राहिलो.